स्टोव्ह पेटत नाहीं तेव्हां

परवां घरांतील गॅसची टाकी संपली व दुसरी येण्यास दोन दिवसांचा अवकाश होता. पुतण्यानें माळ्यावरचा पितळी स्टोव्ह खालीं काढला, खटपटीनें लिटरभर रॉकेल मिळविलें आणि पंप मारावयास आरंभ केला. स्टोव्ह कांहीं पेटेना. रॉकेलची पिचकारी उडाली व पिवळा, धुरकट भडका वर गेला. त्यानें आणखी पंप मारला. तेव्हां आम्हीं त्याचा हात धरला व हवेची चावी सोडून दिली.

स्वीडनमधील लिंडक्विस्ट यांनीं १८९२ सालीं हा वातीवांचून जळणारा स्टोव्ह सिद्ध केला. यांत जळतें तें रॉकेल नव्हे, रॉकेलची वाफ. बर्नर तापलेला असेल तरच वर चढणाऱ्या रॉकेलची वाफ होते, ती निपलच्या सूक्ष्म छिद्रांतून वेगानें निघते व हवेंत मिसळून निळ्या ज्योतीनें जळते. म्हणून वाटींतील स्पिरिट संपत येईपर्यंत पंपास हात लावूं नये. थंड बर्नरवर दाब वाढविला तर रॉकेलच अधिक जोरानें बाहेर येतें. तापवूनही ज्योत एकांगी राहिली तर छिद्रांत काजळी बसली आहे असें समजून पिन घालावी. पंप हातास अगदीं हलका लागला तर कातडी वायसर सुकला आहे. त्यास दोन थेंब तेल द्यावें. आणि स्पिरिट विझलें असें वाटलें तरी गरम वाटींत बाटलीनें पुन्हा कदापि ओतूं नये. त्याची ज्योत दिवसाउजेडीं धड दिसत नाहीं, व ती धारेवरून बाटलींत चढते.

हें शेवटचें आम्ही कोणत्या पुस्तकांत शिकलों नाहीं. १९७४ सालचा वैशाख होता, घरांत पाहुणे होते, चहाची घाई होती आणि आम्ही सोळा वर्षांचे होतों. वहिनी "भाऊजी, निवूं द्या हो" म्हणत असतांच आम्हीं बाटली तिरपी केली. भडका गेला तो शेजारीं बसलेल्या वहिनींच्या पदराकडे. आईनें गोधडी टाकली म्हणून जीव वांचला. उजवा हात कोपरापर्यंत भाजला. माणसें जमलीं, सुनेचा धांदरटपणा असा निवाडा झाला, आणि आम्ही गप्प बसलों. वहिनींनींही कोणास कांहीं सांगितलें नाहीं. स्टोव्हच्या भडक्यानें सून भाजल्याच्या बातम्या त्या काळीं वर्तमानपत्रांत वारंवार येत. त्यांतील कित्येक भडके स्टोव्हचे नव्हतेच, हें पुढें उघड झालें. आमच्या घरचा भडका स्टोव्हचाच होता, परंतु चूक त्याची नव्हती, व वहिनींची तर नव्हतीच.

पुतण्या त्यांचाच मुलगा. त्यास हें परवां प्रथमच सांगितलें. तो बराच वेळ स्टोव्हकडे पाहत राहिला.

बाहेरच्या खोलींतून वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, वाटी गार झाली का तें आधीं पाहा." आम्हीं पाहिली. मग स्पिरिट घातलें, काडी लाविली, आणि तें संपत आलें तेव्हां चावी आवळून पुतण्यास पंप मारावयास सांगितलें.

पहिला चहा वहिनींना दिला.