ओळखपत्र मागणं मी सोडून दिलं

मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पांत कोड पाठवणाऱ्या प्रत्येकाची खरी ओळख तपासलीच पाहिजे, असं 2024 च्या उन्हाळ्यात मी भेटेल त्याला सांगत होते. टोपणनाव चालणार नाही. नाव, देश, नोकरी कळल्याशिवाय कुणाच्या हाती किल्ल्या द्यायच्या नाहीत. आज मला तसं वाटत नाही. माझं ऐकून ज्यांनी हे मत धरलं, त्यांतले काही अजून तेच बोलतात, म्हणून हे लिहिते आहे.

निमित्त होतं एक्सझेड-युटिल्सचं. फाइल्स दाबून लहान करणारं हे छोटं सॉफ्टवेअर जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असतं. 29 मार्च 2024 रोजी आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणाऱ्या प्रोग्रामरने जाहीर केलं, की एक्सझेडच्या 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांत चोरदरवाजा आहे. फ्रॉइंड सुरक्षातज्ज्ञ नव्हे. तो वेग मोजण्याचं काम करत होता आणि एसएसएचने दूरच्या मशीनवर लॉग-इन व्हायला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय, हे त्याला खटकलं. अर्धा सेकंद! आपल्यापैकी कितीजणांनी तो सोडून दिला असता? त्याने धागा धरला आणि मुळाशी जाऊन पोचला. ठरावीक गुप्त किल्ली जवळ असणाऱ्याला सर्व्हरवर परस्पर हवी ती आज्ञा चालवता यावी, अशी ती तजवीज होती. डेबियन आणि फेडोरा या लिनक्स-प्रकारांच्या चाचणी आवृत्त्यांत ती शिरलीही होती. मी सांभाळते ते सर्व्हर जुन्या, स्थिर आवृत्तीवर होते, म्हणून वाचले.

दरवाज्यापेक्षा मोठा धक्का बसला तो बसवणाऱ्याचा. ‘जिया तान’ या नावाने तो 2021 पासून प्रकल्पात वावरत होता, चांगलं आणि चिकाटीचं काम करत होता. तो एक माणूस की टोळी, हे आजही जाहीर झालेलं नाही. नाव बघून कुणी चीनकडे बोट दाखवलं, कामाच्या वेळा बघून कुणी पूर्व युरोपकडे. मग संशयाची साथच आली. नवखा कुणी पॅच, म्हणजे कोडमधली दुरुस्ती, घेऊन आला की आधी त्याचा इतिहास उकरायचा. मी यात पुढे होते.

माझं मत हललं ते त्या प्रकल्पातला 2022 चा पत्रव्यवहार सलग वाचताना. लासे कोलिन हा फिनलंडचा माणूस वर्षानुवर्षं हे सॉफ्टवेअर जवळपास एकट्याने, बिनपगारी सांभाळत होता. ‘जिगर कुमार’ नावाचा कुणी त्याच्यामागे लागला: पॅच पडून आहेत, नवा मेंटेनर (प्रकल्प सांभाळणारा) आल्याशिवाय काही हलणार नाही. ‘डेनिस एन्स’ नावाच्या दुसऱ्याने तोच सूर लावला. कोलिनने उत्तर दिलं, की मानसिक आरोग्याचा जुना त्रास आहे आणि हा बिनपगारी छंद आहे, हेही ध्यानात घ्या. त्यावर एन्सने आधी सहानुभूती दाखवली आणि पाठोपाठ सुचवलं, की स्वतःच्या मर्यादा ओळखून काम दुसऱ्याकडे सोपवा. हे वाचताना मला राग आला, अजूनही येतो. थकलेल्या माणसाला आणखी दमवायचं आणि मग मदतीचा हात पुढे करायचा! ही दोन्ही नावं त्या प्रकल्पाबाहेर कुठे सापडत नाहीत.

जिगर कुमार हे नाव आपल्याकडच्या कुठल्याही ऑफिसात खपून जाईल. मी मागत होते ते ओळखपत्र त्याने सहज आणून दिलं असतं. ज्यांना दोन-अडीच वर्षं सोंग वठवता येतं, त्यांना कागद बनवणं काय अवघड? अडला असता तो लातूरचा एखादा विद्यार्थी, किंवा ज्याच्या देशात असं काम करणं धोक्याचं आहे, असा कुणीतरी.

2024 च्याच ऑक्टोबरमध्ये लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, मेंटेनरांच्या यादीतून सुमारे डझनभर नावं काढली गेली. बहुतेकांचे ईमेल-पत्ते रशियन होते. कारण निर्बंधांच्या कायद्याचं होतं आणि कायदा मोडा असं मी म्हणत नाही. पण त्यांच्या कामात खोट निघाल्याचं कुणी दाखवलं नव्हतं. मी ज्याची मागणी करत होते, ते प्रत्यक्षात कसं दिसतं हे मला तेव्हा दिसलं.

याच्या उलट मला डिसेंबर 2010 मधलं ओपनबीएसडी या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रकल्पाचं वागणं आठवतं. एफबीआयने पैसे देऊन तुमच्या कोडमध्ये चोरवाटा ठेवून घेतल्यात, असा आरोप करणारं खासगी पत्र प्रकल्पाचे प्रमुख थिओ डी राट यांना आलं. त्यांनी ते दाबलं नाही आणि हेर शोधायला समितीही नेमली नाही. पत्र सगळ्यांसमोर ठेवलं आणि सांगितलं, कोड तपासा. तपासात किरकोळ चुका निघाल्या. पेरलेल्या चोरवाटेचा पुरावा मिळाला नाही.

एक्सझेडच्या बाबतीतही तपासण्याजोगी जागा होतीच. चोरदरवाजा चालू करणारी बिल्डमधली स्क्रिप्ट उघड्या सोर्स कोडमध्ये नव्हतीच. ती होती फक्त प्रकाशित केलेल्या टारबॉलमध्ये, म्हणजे वापरणाऱ्यांसाठी बांधून ठेवलेल्या गठ्ठ्यात. दोन्ही शेजारी ठेवून ताडून बघणारा एक जण पुरेसा होता, मग कोड पाठवणाऱ्याचं नाव काहीही असो. ते ताडायला वेळ हवा, आणि कोलिनजवळ तोच नव्हता. त्याच्या सॉफ्टवेअरवर धंदा करणाऱ्या कंपन्यांनी त्याला तो दिला नव्हता, माझ्यासारख्या पगारदारांनीही नाही.

चोरदरवाजा काढून टाकलेली 5.6.2 ही आवृत्ती मे 2024 मध्ये आली, ती कोलिननेच काढली. मी सध्या आमच्या ऑफिसात एकच मागणी लावून धरली आहे: आपण वापरतो त्या छोट्या लायब्रऱ्यांची यादी करा, ज्या एकट्या माणसाच्या खांद्यावर आहेत त्यांच्यासाठी आमच्या कामाचे काही तास द्या, आणि त्या माणसाला आधी विचारा, की त्याला कुठलं काम नकोसं झालंय. यादी तयार आहे. तासांना मंजुरी मिळालेली नाही, पुढच्या बैठकीत पुन्हा मागणार आहे.