केळीच्या शेंड्यावर

१२ जुलै २०२५, चोपडा
कांदेबाग केळी डोक्याच्या बरीच वर गेली आहे. चार दिवस झड लागली आणि करपा खालच्या पानांवरून वर चढू लागला. पाठीवरचा पंप तिथवर पोचत नाही. मजूर नळी उंच धरतो, औषध त्याच्याच तोंडावर गळतं. यवतमाळमध्ये २०१७ साली कपाशी फवारताना वीसहून अधिक माणसं विषबाधेनं गेली. आमच्या गटात ड्रोन घ्यायचा विषय निघाला तेव्हा मला तीच आठवली. दहा लिटरची टाकी, एकराला आठ-दहा मिनिटं, आणि माणूस लांब बांधावर. मला हे यंत्र हवंच आहे.

२ ऑगस्ट, कुसुंबे
जळगाव विमानतळाला लागून असलेलं गाव. शेतकऱ्यानं फवारणीला बोलावलं होतं, पण गटाचा नवा ड्रोन गाडीतून उतरवला नाही. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे चालू विमानतळाच्या हद्दीपासून आठ किलोमीटरच्या आत हिरवा पट्टा नाही. तिथे परवानगीशिवाय उडवायचं नाही. आठ ते बारा किलोमीटरमध्ये दोनशे फुटांपर्यंत मोकळीक, त्यापलीकडे चारशे. विमानांच्या वाटेत काही येऊ नये हे मला मान्य. पण आमचा ड्रोन केळीच्या शेंड्यावर दोन-तीन मीटर असतो, म्हणजे बांधावरच्या निंबापेक्षाही खाली. ठरलेले गट नंबर, दिवसाउजेडी, पन्नास फुटांच्या आत, एवढ्या अटींवर हंगामाची एकच परवानगी का देऊ नये? करपा अर्जाच्या उत्तरासाठी थांबत नाही.

२४ ऑगस्ट, शिंदखेडा तालुका
कपाशीवर फवारणी. काल सकाळीच ग्रामपंचायतीत कळवलं होतं, तरी बांधापलीकडच्या बाईंना पत्ता नव्हता.
“ताई, शेळ्या जरा लांब न्या.”
“माझ्या वावरातून मी कुठे नेऊ, भाऊ?”
त्यांचं खरं होतं. वाराही त्यांच्याच बाजूला वळला होता. काम थांबवलं.

रात्री १९७१ चे कीटकनाशक नियम काढून वाचले. हवाई फवारणीची सूचना लोकांना किमान चोवीस तास आधी द्यायची, माणसं-जनावरं ठरावीक वेळ आत येऊ द्यायची नाहीत, धुण्याची आणि प्रथमोपचाराची सोय ठेवायची. विमानं डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेले हे नियम आजही नेमके लागू पडतात. पण गावात ते बघणारा कोण? ड्रोनचा नोंदणी क्रमांक आणि पायलटचं प्रमाणपत्र विमान वाहतूक खात्याकडे, औषध कृषी खात्याकडे. वाऱ्यानं शेजारच्या वावरात गेलेला फवारा कुणाच्याच वहीत नाही.

औषधाचंही तसंच. एप्रिल २०२२ मध्ये केंद्रानं ४७७ कीटकनाशकांना ड्रोनसाठी दोन वर्षांची अंतरिम मान्यता दिली होती. आज हातात होता त्या डब्यावर मात्र प्रमाण दिलं होतं ते पंपाचं, एकरी दोनशे लिटर पाण्याचं. आम्ही दहा लिटरमध्ये फवारतो. शेतकरी विचारतो, पान जळणार नाही ना? त्याचं उत्तर डब्यावर मराठीत छापलेलं हवं, आमच्या अंदाजावर नको.

१८ सप्टेंबर, धुळे
परवा नागरी ड्रोन विधेयकाचा मसुदा आला. आजच्या नियमांत दंड जास्तीत जास्त एक लाख. मसुद्यात तुरुंगवास आहे, पोलिसांना जप्तीचे अधिकार आहेत. सोमवारपासून ड्रोनवरचा जीएसटी ५ टक्के होतोय, हे चांगलं. पण बचत गटाच्या बाईचा विचार मनातून जात नाही. नमो ड्रोन दीदी योजना देशभरातल्या १५,००० गटांसाठी. किमतीच्या ८० टक्के, कमाल आठ लाख अनुदान, उरलेलं कर्ज, आणि पंधरा दिवसांचं प्रशिक्षण. हद्दीचा नकाशा चुकीचा वाचला म्हणून तिचा ड्रोन ऐन हंगामात ठाण्यात पडून राहिला, तर हप्ता कोण भरणार? लग्नमंडपावर बेफिकीर ड्रोन फिरवणारा आणि कपाशीवर फवारणारी बाई, दोघांना एकच कलम लावणं अन्यायाचं आहे. वरणगाव, भुसावळच्या आयुध निर्माणीजवळ कडक राहा, जरूर राहा. वावरात चुकलेल्याला आधी समज द्या, मग दंड.

२८ सप्टेंबर, चोपडा
मसुद्यावर सूचना पाठवायला परवापर्यंतच मुदत आहे. गटाच्या बैठकीत तीन मागण्या लिहिल्या: शेतीसाठी कमी उंचीची हंगामी परवानगी, डब्यावर ड्रोनचं प्रमाण, आणि फवारा उडून नुकसान झालं तर तालुक्यातच पंचनामा. खान्देशातल्या केळी-कापूस गटांनी आपापली पत्रं उद्याच पाठवावीत. आणि फवारणी करून घेणाऱ्यांनी दर विचारण्याआधी पायलटचं प्रमाणपत्र, ड्रोनचा नोंदणी क्रमांक आणि विमा पाहावा; शेजाऱ्याला आदल्या दिवशी स्वतः जाऊन सांगावं.