समाजी हसाजी

लोकलने सँडहर्स्ट रोड सोडलं की दारातली माणसं सरसावतात; मशीद बंदर आलेलं असतं. या स्टेशनाच्या नावातली मशीद ज्यूंची आहे, हे त्या गर्दीत फारसं कुणाच्या गावी नसतं. कोकणातले बेने इस्राएल आपल्या प्रार्थनामंदिराला मशीदच म्हणत. मुंबईतली त्यांची पहिली मशीद 1796 मध्ये उभी राहिली, ‘शार हरहमीम’, म्हणजे दयेचं द्वार. ती बांधणारा कंपनी सरकारच्या पलटणीतला, सॅम्युएल इझिकेल दिवेकर. टिपूच्या कैदेतून जिवंत सुटलो म्हणून त्याने ती बांधली, असं सांगतात. आपल्या माणसांत तो समाजी हसाजी. पुढे त्या रस्त्यालाही सॅम्युएल स्ट्रीट म्हणू लागले.

माझं मन अडकतं ते मात्र नावात.

मराठी बायबलात हे नाव शमुवेल असं येतं, आणि शमुवेल हा अस्सल नवसाचा मुलगा. एलकानाच्या दोन बायका. पनिन्नेचं घर मुलाबाळांनी भरलेलं, हन्नेची कूस रिकामी. सवत टोचून बोले. (सवतीचं बोलणं कुठल्याही देशात सारखंच असावं.) दरवर्षी सगळं कुटुंब शिलोच्या देवस्थानाला जाई. अशाच एका वारीत हन्ना देवापुढे रडत बसली, मुलगा झाला तर तुलाच वाहीन म्हणाली. ओठ हलत होते, आवाज फुटत नव्हता. म्हातारा पुजारी एली तिच्या तोंडाकडे बघत होता. त्याला वाटलं, बाई प्यायलेली आहे.

मूल झालं. देवापाशी मागून घेतला म्हणून शमुवेल, असं तिने सांगितलं. आणि इथेच भाषेचे अभ्यासक कान टवकारतात. हिब्रूत ‘मागणं’ म्हणजे ‘शाअल’. त्या धातूवरून शाऊल हे नाव सरळ निघतं, शमुवेल ओढूनताणून. ही जन्मकथा मुळात शाऊल राजाची असावी, असा तर्कही काहींनी केला आहे. दुसरी फोड ‘शेम’ आणि ‘एल’ अशी : देवाचं नाव. व्याकरणाला ही बरीचशी मानवते. तिसरी ‘शमा’वरून, म्हणजे देवाने ऐकलं तो. लोकांना आवडते ती हीच. अडचण एकच : ‘शमा’च्या शेवटी ‘ऐन’ हे घशातलं अक्षर आहे. त्याच अर्थाच्या इश्माएलमध्ये ते शाबूत आहे, शमुवेलमध्ये नाही.

मला तरीही तिसरीच फोड खरी वाटते. व्याकरण हरलं तरी चालेल. शेजारी बसलेल्या पुजाऱ्याला जे ऐकू आलं नाही ते ऐकलं गेलं, त्याचं हे नाव; त्यातलं एक अक्षरही ऐकू येऊ नये, हे मला शोभूनच दिसतं.

आणि त्या पोराची गोष्टही ऐकण्याचीच. दूध सुटल्यावर आईने त्याला शिलोला नेऊन सोडलं. वर्षातून एकदा भेट. येताना ती एक लहानसा झगा शिवून आणी. वर्षभरात पोर किती वाढलं असेल, हा अंदाज ती कशावरून बांधत असेल? एका रात्री पोराला हाक आली. ते धावत एलीकडे गेलं. मी नाही बोलावलं, जा, झोप. असं तीनदा झालं. मग म्हाताऱ्याच्या ध्यानात आलं, हाक कुणाची ती.

बेने इस्राएलांचं सारंच कानावर तगलेलं. गलबत फुटून पूर्वज नौगावच्या किनाऱ्याला लागले, ही त्यांची परंपरा. पुढे कोकणात तेलाचे घाणे चालवले, शनिवारी ते बंद ठेवले म्हणून लोक ‘शनवार तेली’ म्हणू लागले. पोथ्या नव्हत्या, हिब्रू विसरली. उरली ती एक प्रार्थना, ‘शेमा’. जन्म असो, लग्न असो, मरण असो, तीच म्हणायची. शेमा म्हणजे ऐक. धातू तोच, आणि इथे ‘ऐन’ही जागेवर आहे.

नावं मात्र त्यांनी कोकणी मातीत मळून घेतली. इझिकेलचा हसाजी, इसहाकचा इसाजी, शमुवेलचा समाजी. हिब्रू नावात ‘ऐन’ नव्हताच. इथे ‘एल’, म्हणजे साक्षात देवही, गळाला आणि त्याच्या जागी ‘जी’ येऊन बसला. घरात तर तेवढाही मान कुणी दिला नसेल. तिन्हीसांजेला दारातून आईने हाक मारली असेल ती नुसती, समाऽ.