दंडावरची साखर

आमच्या घरात साखर मोजायचं काम पप्पांचं. सांगली जिल्ह्यातल्या एका सहकारी कारखान्याच्या प्रयोगशाळेत ते केमिस्ट होते. हंगामात दिवसरात्र पाळ्या. रसाचा ब्रिक्स, पोल, उतारा, सगळं तासातासाला वहीत चढवायचं. घरी आले की परड्यातल्या कट्ट्यावर दुसरी प्रयोगशाळा मांडायची, आबांच्या लघवीची.

परीक्षानळीत बेनेडिक्टचं निळं द्रावण पाच मिली, त्यात लघवीचे आठ थेंब, नळी लाकडी चिमट्यात धरून स्पिरिटच्या दिव्यावर हलवत राहायचं. निळं राहिलं तर आबा खूश. हिरवट झालं तर गप्प. पिवळं, नारिंगी होत होत विटकरीवर गेलं की आतून आजी, "खावा अजून यात्रेतला पेढा!" वास शेजारच्या घरापर्यंत जायचा, त्यामुळं आबांची साखर ही गल्लीचीच बातमी असायची. स्टॅन्ली बेनेडिक्ट या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञानं १९०८ च्या सुमारास हे द्रावण काढलं आणि आमच्या परड्यात ते जवळजवळ शंभर वर्षांनीही उकळत होतं. त्यातली गोम पप्पांना माहीत होती. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेल्याशिवाय ती लघवीत उतरतच नाही. त्यातून लघवी साठलेली कधीची. म्हणजे विटकरी रंग दिसेपर्यंत पेढा पचून गेलेला.

पप्पांना स्वतःला पन्नाशीत डायबेटिस निघाला, तोवर तालुक्याला लॅब झाल्या होत्या. फास्टिंग आणि पीपी. तपासणीच्या आधीचे तीन-चार दिवस आमच्या घरात भात शिजायचा नाही, चहा बिनसाखरेचा, पप्पा सकाळी कॅनॉलच्या कडेनं झपाझप चालून यायचे. रिपोर्ट छान यायचा. फाईलला लागायचा. त्याच रात्री कारखान्यावर कुणाच्या तरी बढतीची पार्टी. ज्या माणसानं उताऱ्याच्या आकड्यात कधी कुणाला हात घालू दिला नाही, तो स्वतःच्या आकड्याला असं नटवून डॉक्टरांपुढं न्यायचा, याची मला तेव्हाही गंमत वाटायची. पुढं डॉक्टरांनी एचबीएवनसी सांगायला सुरुवात केली आणि ही सोय गेली. तांबड्या पेशी जगतात सुमारे १२० दिवस. तेवढ्या काळात त्यांना चिकटलेल्या साखरेचा हिशेब त्यात निघतो. चार दिवसांच्या चालण्यानं तो हलत नाही.

मग घरात ग्लुकोमीटर आला. पट्ट्या महाग, म्हणून आई त्या मोजून वापरायची आणि डबी फ्रिजवर ठेवायची. बोटाला सुई, एक थेंब, पाच सेकंद, आकडा. पण आकडा सुटा. सकाळी १४०. बरं, मग? चढताना १४० की उतरताना, हे त्यातून कळायचं नाही.

डायबेटिसची माझी पाळी आली ती सव्विसाव्या वर्षी, पुण्यात. त्याच्या बऱ्याच आधीपासून माझी मान काळी पडत होती. आई दर रविवारी डाळीचं पीठ, दही आणि लिंबू चोळून ती घासायची. "उन्हात हिंडतीस, दुसरं काय." मान लाल व्हायची, काळीची गोरी काही व्हायची नाही. तो मळ नव्हता. शरीर इन्सुलिनला पुरेसं जुमानत नसलं की ते जास्त पाझरतं, आणि त्याचा परिणाम मानेच्या, काखेच्या घड्यांत अशा मखमली काळेपणानं दिसतो. पीसीओडीसाठी ज्या डॉक्टर बाईंकडे गेले होते, त्यांनी ओढणी बाजूला करून मान पाहिली आणि रक्त तपासायला पाठवलं.

"पण मी तर बारीक आहे," मी म्हणाले. त्यावर त्यांनी याज्ञिक-युडकिन यांच्या फोटोची गोष्ट सांगितली. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन, दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, २२.३. चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२. 'लॅन्सेट'मध्ये २००४ साली दोघं शेजारी शेजारी उभे असलेले छापून आले. आपल्याकडची बारीक माणसं आतून बारीक नसतात, हे याज्ञिकांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांपासून दाखवून दिलं आहे. २०२३ मध्ये आयसीएमआरच्या पाहणीनं देशात १० कोटींवर मधुमेही असल्याचं सांगितलं. त्यात मी एक, हे काही सांत्वन नव्हे. साठीत होणाऱ्या डायबेटिसपेक्षा विशीतला वाईट, कारण डोळ्यांना आणि मूत्रपिंडांना पुढची कितीतरी जास्त वर्षं तो सोसायचा असतो.

साखर सतत मोजून फोनवर दाखवणारा सेन्सर लावला तो बाईंच्याच सांगण्यावरून. दंडाच्या मागच्या बाजूला डबीसारखं काहीतरी टेकवून दाबायचं. खट् आवाज येतो. सुई आत जाऊन लगेच बाहेर येते, मागं राहतो अर्धा सेंटिमीटर लवचिक तंतू आणि वर दोन रुपयांच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी पांढरी चकती. दोन आठवडे ती तिथंच, आंघोळीतसुद्धा. तंतूवर ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर असतं, पट्ट्यांतही बहुधा तेच. मोजली जाते ती मात्र रक्तातली साखर नाही, कातडीखालच्या पेशींमधल्या द्रवातली. ती रक्ताच्या पाच-दहा मिनिटं मागं असते.

मी गावी गेले तेव्हा पप्पांनी चष्मा लावून फोनवरचा आलेख निरखला. पहिला प्रश्न, "ह्याचं कॅलिब्रेशन कोण करतं?" कंपनीतच करून येतं म्हटल्यावर चेहरा असा केला की जणू मी त्यांना न तोललेला ऊस आत घ्यायला सांगत होते. मग फ्रिजवरची डबी काढून माझ्या बोटाला सुई टोचली. मीटर १३१, सेन्सर १३८. "चालतंय," म्हणाले आणि मग तासभर फोन त्यांच्याच हातात.

त्या आठवड्यात एकादशी आली. एरवी दोन चपात्या, उसळ आणि कोशिंबीर खाऊन माझी रेघ दीडशेच्या आसपास टेकडी करून उतरायची. साबुदाण्याच्या खिचडीच्या एका ताटलीवर ती २३० च्या पुढं गेली. पप्पांनी ते आईला नेऊन दाखवलं; आईनं उपवास सोडला नाही, पण दुसऱ्या दिवशी भगर केली आणि "आता बघ" म्हणून माझ्या शेजारी येऊन बसली. भगरीनंही चढलीच. उसळ आधी आणि भाकरी नंतर खाल्ली, वर गल्लीतनं चक्कर मारली, की तीच रेघ मुकाट्यानं खाली बसते, हे मात्र आम्ही तिघांनी पाहिलं. एका पहाटे आलेखात ५५ चा खड्डा दिसला आणि घर घाबरलं. मी त्या कुशीवर झोपले होते, तंतू दबला होता, एवढंच.

आत्याला मात्र चकतीची वेगळीच काळजी. बघायला मंडळी येणार होती. "पूर्ण बाह्यांचा ब्लाउज घाल गं बाई, मागनं सांगता येईल." आबांच्या परड्यातला वास गल्लीभर गेला तरी कुणाचं काही अडलं नव्हतं, आबा म्हातारे होते. मी कोपरापर्यंतच्याच बाह्या घातल्या. मुलाच्या आईनं चकती पाहिली, काही विचारलं नाही, आणि निरोपही आला नाही. चकतीमुळंच असं नाही म्हणता येणार. पण मला त्यात बरंच वाटलं.

ही चकती बारा महिने दंडावर असावी असं माझं मत नाही. मी इन्सुलिन घेत नाही, अचानक साखर उतरून पडायची भीती नाही, आणि एकेक सेन्सर चार-पाच हजारांच्या घरात जातो. शिवाय सतत बघत राहिलं की जेवणाची परीक्षा होते. घास तोंडात आणि डोळा फोनवर. ज्यांना डायबेटिस नाही असेही लोक हल्ली पुण्यात ही चकती मिरवतात, आंब्याच्या एका फोडीनं १४० झाले म्हणून हवालदिल होतात. त्यांचं त्यांनी बघावं. मला दोन आठवडे पुरतात, मग काही महिने बाईंच्या गोळ्या आणि शिकलेलं वागणं.

फक्त कधी लावायची यावरून घरात वाद आहे. आई म्हणते, सण होऊ दे, मग चांगला आठवडा बघून लाव. मी वसुबारसेला लावणार आहे. अनारसे, चकल्या, आत्याकडचं भाऊबिजेचं जेवण, सगळं त्या रेघेत येऊ दे. पप्पांनी विचारलंय, दोन सेन्सर मागवले तर काही सूट मिळते का.