चांदीखालचे कांसे

उमरखेडहून नांदेडच्या रस्त्याला लागून पैनगंगा ओलांडली, की विदर्भ मागे पडतो. पुढे लातूर, सोलापूर, विजापूर, बेळगाव असा लांबचा पल्ला. आपली काळी माती कुठेतरी सुटते आणि चोर्ला घाट उतरताना दोन्ही बाजूंना लाल जांभा दिसू लागतो. जुन्या गोव्यातल्या बॉम जिझस चर्चच्या भिंतीही त्याच जांभ्याच्या. गिलावा नसल्याने 1605 मध्ये पूर्ण झालेल्या या वास्तूचा दगड उघडाच दिसतो.

आत वेदीच्या उजव्या हाताला संत फ्रान्सिस झेवियर यांची समाधी आहे. 1552 मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर त्यांचा मृत्यू झाला आणि दोन वर्षांनी देह गोव्यात आणला गेला. तो ज्या चांदीच्या पेटीत आहे, ती 1637 च्या सुमारास गोव्यातल्याच कारागिरांनी घडवली. आलेला प्रत्येक जण मान वर करून ती पेटीच पाहतो.

मराठी माणसाचे पाय इथे आणखी एका कारणाने थबकतात. 1683 मध्ये संभाजी महाराजांच्या फौजा गोव्यावर चालून आल्या, तेव्हा हतबल झालेल्या पोर्तुगीज व्हाइसरॉयने याच संतांच्या पेटीपाशी येऊन आपला अधिकारदंड त्यांच्या हवाली केला आणि रक्षणाची याचना केली. पुढे मोगल सैन्य कोकणात उतरल्याने महाराजांना मागे फिरावे लागले आणि गोवा बचावला.

त्या वेळी पेटीखाली आजचा चौथरा नव्हता. तो इटलीतून आला. झेवियर यांच्या डोक्याखालची उशी टस्कनीचे ड्यूक तिसरे कोसिमो मेदिची यांना भेट मिळाली होती. त्या भेटीची उतराई म्हणून त्यांनी आपला दरबारी शिल्पकार जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी याच्याकडून समाधी करवून घेतली. काम सुमारे दहा वर्षे चालले. सुटे भाग जहाजाने गोव्यात आले आणि सोबत आलेल्या प्लाचिदो रांपोनी या फ्लॉरेन्सच्या कारागिराने 1698 मध्ये ते जोडले.

रंगीत संगमरवराच्या या चौथऱ्यात चारही बाजूंना एकेक कांस्यफलक आहे. झेवियर प्रवचन देताहेत, बाप्तिस्मा देताहेत, मोरो बेटांवर हल्लेखोरांपासून जीव वाचवताहेत आणि शेवटी मृत्युशय्येवर आहेत. भोवतालच्या झगमगत्या दगडात कांसे काळपट दिसते. नजर थोडी स्थिरावली, की त्या काळोखातून उठावाच्या आकृती एकेक करून पुढे येतात. आपल्याकडच्या वीरगळावर जशी अक्षरे न वाचता मरणाची कथा कळते, तशीच ही चरित्रकथा पाहणाऱ्याला उमगते.

हे कांसे नुसते शोभेसाठी नाही. ते ज्या चौथऱ्यात बसवले आहे, त्याने देहाची पेटी पेलली आहे आणि ती इतकी उंच धरली आहे, की दर्शन सर्वांना घडावे, पण हात कुणाचा लागू नये. फ्लॉरेन्सच्या राजघराण्याने पाठवलेली ही कला गोव्याच्या कारागिरांनी तिच्या साठेक वर्षे आधी घडवलेल्या चांदीला खांदा देऊन उभी आहे. धाकटे काम खाली राहून थोरल्याला उचलून धरते. इथल्या हातांचा असा मान क्वचितच कुठे इतका उघड दिसतो. त्या चांदीकारांची नावे फोज्जिनीच्या नावासारखी घेतली जात नाहीत, म्हणून तरी बॉम जिझसला गेलात तर दोन्ही थर सारख्याच आदराने पाहा.