पिवळं, केशरी, पांढरं

कंट्रोलच्या रांगेत माझं बरंच वाचन झालं. हातात पुस्तक नसे तेव्हा मी रेशनकार्डच वाचायचो. आडवे महिने, उभे जिन्नस, आणि मधल्या चौकटींत दुकानदाराचे आकडे: गहू, तांदूळ, साखर, रॉकेल. वरच्या कोपऱ्यात घरातली युनिटं. आजी गेली तेव्हा वडील तहसील कचेरीत जाऊन एक युनिट कमी करून आले. तिच्या नावावर एक आडवी रेघ आणि रेघेवर गोल शिक्का. घरातल्या माणसाचं जाणं सरकारदरबारी असं नोंदलं जातं, हे तेव्हा कळलं.

१९७२ च्या दुष्काळात त्याच कार्डावर मिलो आला. अमेरिकेहून आलेली लालसर ज्वारी. भाकरी थापताना चिरायची, म्हणून आई कढत पाण्यात पीठ मळायची, तरी तव्यावर टाकेपर्यंत कडा फाटलेल्याच. गावाबाहेर खडी फोडायची कामं निघाली होती. मुकादम हजेरीपट घेऊन झाडाखाली बसायचा, आणि ज्यांच्या घरी चार-दोन एकर होते तेही हातोडी घेऊन तिथे यायचे. काम कुणाला द्यायचं याची यादी आधी ठरलेली नव्हती. ज्याला उन्हात खडी फोडायची तयारी होती, त्याचं नाव हजेरीपटावर चढायचं.

यामागची, म्हणजे रोजगार हमीची, कल्पना वि. स. पागे यांची. सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला तिचा प्रयोग आधी झाला होता. पुढे १९७७ साली कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मला आजही ही महाराष्ट्राची सगळ्यांत हुशार योजना वाटते. गरीब कोण हे तिथे कारकुनाला ठरवावं लागत नव्हतं. पण जिच्या हातात हातोडी पेलत नाही त्या म्हातारीचं काय, याला त्या हुशारीत उत्तर नव्हतं. तेही सांगायला हवं.

रांगेत वाचलेल्या पुस्तकांत भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न होता, ‘नवल’चे जुने अंक होते आणि नंतर जयंत नारळीकर. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी आद्याक्षरं उलटी करून ‘नारायण विनायक जगताप’ या नावानं ‘कृष्णविवर’ पाठवली आणि बक्षीस मिळवलं. मतं मांडणाऱ्यांनाही असं टोपणनावानं स्पर्धेत उतरवलं पाहिजे, असं मला कधीकधी वाटतं. नाव झाकलं तर किती मतं उत्तीर्ण होतील, देव जाणे.

पण नारळीकरांची माझी सगळ्यांत लाडकी कथा ‘गंगाधरपंतांचे पानिपत’. विश्वासरावांना लागायची ती गोळी कानाजवळून निघून जाते. बदल एवढाच. दुसऱ्या कुणी तिथे तुताऱ्या फुंकून कथा संपवली असती. नारळीकर पुढे हिशेब मांडत जातात: मग दिल्लीच्या बादशहाचं काय होईल, कंपनी सरकार कुठवर पसरेल, मुंबई कुणाकडे राहील? आणि मुंबई इंग्रजांकडेच राहते! मनाला सुखावेल ते नव्हे, तर त्या एका बदलातून जे निघेल तेच लिहायचं, ही विज्ञानकथेची शिस्त.

गरिबांसाठीच्या योजनांवरचं आपलं बहुतेक बोलणं मला म्हणूनच वाईट विज्ञानकथेसारखं वाटतं. शेवट आधी ठरलेला, आणि मधला हिशेब गाळलेला.

माझी नोकरी पगारपत्रकं करण्यात गेली. २०१३ साली अन्नसुरक्षा कायदा झाला, गहू दोन रुपयांनी आणि तांदूळ तीन रुपयांनी मिळणार असं ठरलं, आणि आमच्या कार्यालयात चहाच्या वेळी एकच विषय सुरू झाला. “शेतावर माणूस मिळेना झालाय. फुकट खायला मिळाल्यावर कोण येतंय?” बोलणाऱ्याची गावी बागायत होती आणि मजूर मिळत नव्हते, हे खरंच होतं. पण कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडावी, तसं ते होतं. माणशी महिन्याला पाच किलो म्हणजे दिवसाला दीडशे-पावणेदोनशे ग्रॅम धान्य. तेवढ्यात तेल येत नाही, मीठ येत नाही, पोराची फी भरली जात नाही. त्यांच्या गावचे मजूर बिछान्यात लोळत नव्हते. ते पुण्याला स्लॅब टाकायला गेले होते, कारण तिथे मजुरी जास्त होती. पुढे २०१७ साली अभिजित बॅनर्जी आणि सहकाऱ्यांनी सहा देशांतल्या सात प्रयोगांची आकडेवारी एकत्र तपासली. सरकारनं रोख मदत दिली म्हणून लोकांनी काम टाकलं, असं काही तीत निघालं नाही. चहावर त्याचा काही परिणाम झाला नाही.

गंमत म्हणजे याच मंडळींच्या पगारपत्रकावर मी दरमहा दोनशे रुपये व्यवसाय कर कापत असे, फेब्रुवारीत तीनशे. हा कर १९७५ साली लावला गेला तो रोजगार हमीला पैसा उभा करण्यासाठी. शहरातल्या नोकरदारानं गावातल्या दुष्काळाचं थोडं ओझं उचलावं, हा त्यातला विचार. आमच्या कार्यालयात तो कोणाला ठाऊक नव्हता. ‘पी.टी.’ म्हणजे काहीतरी कटतं, एवढंच.

एडवर्ड बेलामीची ‘लुकिंग बॅकवर्ड’ ही १८८८ ची कादंबरी मी बरीच उशिरा वाचली. बॉस्टनचा ज्युलियन वेस्ट १८८७ साली झोपतो तो एकदम २००० साली जागा होतो. त्या काळात प्रत्येक नागरिकाला वर्षाला सारखाच वाटा मिळतो आणि त्यासाठी पुठ्ठ्याचं एक कार्ड असतं. त्यावर चौकटींच्या ओळी. वस्तू घेतली की दुकानातला कारकून तेवढ्या चौकटी टोचून रद्द करतो. हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि मोठ्यांदा हसलो. भविष्यातलं सुखी बॉस्टन आमच्या कंट्रोलवर येऊन उभं राहिलं होतं! लुळ्यापांगळ्यांना सारखा वाटा कोणत्या हक्कानं, असं विचारल्यावर मिळणारं उत्तर मला पटतं: माणूस असण्याच्या हक्कानं. पण त्याच पुस्तकात, धडधाकट असून काम नाकारणाऱ्याला एकांत कोठडीत पाव आणि पाण्यावर ठेवतात. बेलामीनं ते इतक्या सहज लिहिलंय की वाचताना अंगावर काटा येतो.

आपल्याकडे कार्डाला रंग आले ते १ मे १९९९ पासून. वर्षाचं उत्पन्न पंधरा हजारांच्या आत तर पिवळं, लाखापर्यंत केशरी, त्यावर पांढरं. माझं पांढरं. त्यावर धान्य मिळत नाही, पत्त्याचा पुरावा म्हणून ते बरं पडायचं. पंधरा हजार एक रुपया कमावणारा त्या रात्रीत श्रीमंत झाला का, हे कोणी विचारलं नाही. न्यायशास्त्रात लक्षण चुकण्याच्या तऱ्हा सांगितल्या आहेत. गाय म्हणजे तांबूस रंगाची, असं म्हटलं की पांढरी गाय सुटते, ती अव्याप्ती. गाय म्हणजे शिंगं असलेली, असं म्हटलं की म्हैसही आत येते, ती अतिव्याप्ती. वर्तमानपत्रात बातमी होते ती म्हशीची: गाडीवाला पिवळ्या कार्डावर गहू नेताना सापडला. सुटलेल्या पांढऱ्या गाईचा फोटो कोण काढणार? ती रांगेतच नसते. मला विचाराल तर दहा म्हशी आत आल्या तरी चालतील.

चाळणी लावणाऱ्याचं काय होतं, हे उर्सुला ले ग्विनच्या ‘द डिस्पझेस्ड’मध्ये आहे. १९७४ ची ही कादंबरी. अनारेस या ओसाड ग्रहावर ना मालक, ना सरकार, सगळं सगळ्यांचं. तिथेही दुष्काळ पडतो. शेवेक या शास्त्रज्ञाकडे गिरण्यांतल्या कोणाचं रेशन किती कापायचं याच्या याद्या करायचं काम येतं. तो ते सोडून देतो. याद्या मात्र थांबत नाहीत, त्याच्या जागी दुसरं कोणी बसतं. ज्या जगाच्या बाजूनं ती लिहीत होती त्याच जगाची इतकी कठोर उलटतपासणी करणं, हे आपल्याकडे ना योजनांच्या भक्तांना जमतं, ना विरोधकांना. २०२४ मध्ये लाडक्या बहिणींना दीड हजार रुपये सुरू झाले, तेव्हा मला रक्कम खुपली नाही. निवडणुकीआधी यादीचं दार सताड उघडं आणि नंतर पडताळणी, हे खुपलं. बाजूनं बोलणाऱ्यांनाही ते खुपायला हवं होतं.

रेशन उलटं झालं तर काय, हे सांगणारी फ्रेडरिक पोलची ‘द मिडास प्लेग’ ही कथा मी कधी उदास असलो की काढतो. यंत्रमानव इतकं उत्पादन करतात की ते संपवण्याची सक्ती गरिबांवर येते. गरीब बंगल्यात राहतात आणि रेशनबुकातला कोटा फस्त करता करता मेटाकुटीला येतात. श्रीमंताला मात्र साधं घर परवडतं.

हल्ली आमच्याकडे काम करणाऱ्या मावशींबरोबर मी कधीकधी रेशनच्या दुकानात जातो. भांडी घासून घासून त्यांच्या अंगठ्याच्या रेषा पुसट झाल्यात. मशीन पहिल्यांदा ठसा घेत नाही. मग पदराला पुसून, मग फुंकर मारून, मग दुसरं बोट. मागे रांगेत कोणीतरी “अहो, आटपा की” म्हणतं. दुकानदार मशीन वर उचलून रेंज शोधतो.

यावर मराठीत कोणीतरी कथा लिहावी. बदल एकच: एका तालुक्यात एका सकाळपासून यादीच नाही, येईल त्याला धान्य. मग शिस्तीत पुढे जायचं. पुरवठा शाखेतला कारकून काय करील? बागायतदाराला मजूर मिळतील का? आमच्यासारखे पांढऱ्या कार्डवाले रांगेत उभे राहतील, की लाजतील? गव्हाची प्रत सुधारेल का? माझा अंदाज, आमच्यातले चार जण उभे राहिले तर महिन्याभरात सुधारेल. आणि हो, त्यात दुकानदार खलनायक नको. क्विंटलमागे त्याला कमिशन किती सुटतं आणि पोतं उतरवायला हमाल किती घेतो, हे ज्याला ठाऊक आहे त्यानंच ती लिहावी.