न विचारलेला प्रश्न

साताऱ्याच्या मोती चौकाजवळ अण्णांचे भुसार मालाचे दुकान आहे. हळदीच्या सौद्यांसाठी सांगलीला जाणे हा त्यांचा वर्षानुवर्षांचा परिपाठ. मात्र वयाच्या ६८ व्या वर्षी त्यांना हा प्रवास नकोसा झाला. उंब्रज, कराड, इस्लामपूर, आष्टा अशी प्रत्येक ठिकाणी गाडी थांबवावी लागे. दशलक्षण पर्वात प्रवचनाला पहिल्या रांगेत बसणारे अण्णा दाराजवळच्या खांबाशी बसू लागले. कारण कोणी विचारले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही.

सूर्यास्तानंतर पाण्याचाही त्याग असूनही रात्री चार वेळा उठावे लागे. म्हणून त्यांनी दिवसाचेही पाणी तोडले. त्यातून लघवीला जळजळ सुरू झाली, तेव्हा नाइलाजाने ते डॉक्टरांकडे गेले. सोनोग्राफीत प्रोस्टेट ग्रंथी ६० ग्रॅमची निघाली. सर्वसाधारणपणे ती २० ते २५ ग्रॅमची असते. मूत्राशयाच्या तोंडाशी असलेली ही ग्रंथी उतारवयात वाढते आणि मूत्रमार्ग दाबते. ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे. तरी तो नाही ना, याची तपासणी करावी लागते.

प्रथम गोळ्या झाल्या. टॅम्सुलोसिनने धार सुधारली, पण उठताना चक्कर येई. ग्रंथी आकसवणाऱ्या दुसऱ्या गोळीला परिणाम दाखवण्यास सहा महिने लागतात. तेवढे थांबूनही लघवीनंतर मूत्राशयात उरणारे मूत्र वाढतच गेले. साताऱ्याच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचवली.

१८९४ साली डॉ. विल्यम वानलेस यांनी मिरजेत रुग्णालय उभारले, तेव्हापासून या भागातील माणूस कठीण दुखण्यात सांगली-मिरजेची वाट धरतो. अण्णांनीही सांगलीतील मूत्ररोगतज्ज्ञ गाठले. त्यांच्या मनात वडिलांच्या वेळची, पोट उघडून केलेली शस्त्रक्रिया होती. डॉक्टरांनी समजावले, की आता मूत्रमार्गातूनच दुर्बीण घालून वाढलेला भाग तासून काढतात. पोटावर छेद नसतो आणि नळी बहुधा दोन-तीन दिवस ठेवावी लागते. लेसरने रक्तस्राव कमी होतो.

"आणि दुष्परिणाम?" अण्णांनी विचारले. काही दिवस जळजळ, घाई, लघवीत थोडे रक्त. क्वचित कायमची गळती. काहींना वर्षांनंतर पुन्हा शस्त्रक्रिया. डॉक्टर बोलत होते, अण्णा वहीत टिपत होते. पण जो प्रश्न विचारायचा होता तो ओठांवर येईना. तो शेजारी बसलेल्या काकूंनी विचारला, "डॉक्टर, आमच्या संसारात काही उणे पडेल का?"

डॉक्टरांनी न संकोचता उत्तर दिले. बहुतेकांचे वीर्य बाहेर न पडता मूत्राशयात जाते आणि पुढे लघवीवाटे निघून जाते. त्यापासून अपाय नसतो, पण ते सहसा पूर्ववत होत नाही. लेसरनेही हे टळेलच असे नाही. ताठरता जाणे मात्र त्या मानाने विरळ. मूत्र पूर्ण अडले, वारंवार संसर्ग झाला, मूत्राशयात खडे झाले किंवा मूत्रपिंडावर ताण आला, तर थांबण्यात शहाणपण नाही. एरवी त्रास किती सोसवतो, यावर निर्णय ठरतो. मात्र मूत्राशयाचा स्नायू फार काळ ताणला गेला, तर नंतरच्या शस्त्रक्रियेचाही पूर्ण लाभ मिळत नाही.

परतीच्या वाटेवर अण्णा वहीतील दोन रकाने पुन्हा वाचू लागले. काकू म्हणाल्या, "यात माझी नोंद कुठे आहे? रात्री चार वेळा दिवा लागतो, तेव्हा मीही जागीच असते. तुम्ही अंधारात पडाल की काय, या धास्तीने तुम्ही परत येईपर्यंत डोळा लागत नाही." अण्णांनी वही मिटली.

शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे ते दिवसभर पुरेसे पाणी पिऊ लागले आणि सूर्यास्तानंतरचा नियम पुन्हा सांभाळू लागले. सांगितलेला तो पालट कायम राहिला. त्याची कल्पना दोघांनाही आधीच असल्याने त्याचे दुःख झाले नाही. रात्री एकदा उठावे लागते, क्वचित तेही नाही.

यंदाच्या पर्वात दाराजवळच्या खांबाशी त्यांचे एक समवयस्क व्यापारी बसले होते. प्रवचन संपल्यावर अण्णा पहिल्या रांगेतून उठून त्यांच्याकडे गेले आणि हळूच म्हणाले, "रात्री किती वेळा उठता?"